फातमा फिल्म्स, १९२६

(वडूज इथे तरुण-तरुणींसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



संयोजकांचा फोन आला, विषय काय ठेवायचा म्हणून. मी म्हटलं, "फातमा बेगम." पलीकडे क्षणभर शांतता. मग प्रश्न आला, "म्हणजे सावित्रीबाईंच्या शाळेतल्या का?" मी म्हटलं, त्या फातिमा शेख. त्यांच्यावरून निदान वाद तरी होतात. या दुसऱ्या फातमाबाईंवरून वाद घालायचा तर आधी त्या कोणाला ठाऊक तरी हव्यात.

तर आधी ओळख. फातमा बेगम यांचा जन्म १८९२ चा, सुरतचा. उर्दू नाटकांत काम करणारी ही बाई १९२२ साली मूकपटात आली. १९२६ मध्ये मुंबईत तिनं स्वतःची कंपनी काढली, तिला स्वतःचं नाव दिलं, आणि त्याच वर्षी 'बुलबुल-ए-परिस्तान' नावाचा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतात बाईनं दिग्दर्शित केलेला हा पहिला चित्रपट मानला जातो. आज ही ओळख स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात एका ओळीत येते. तुमच्यापैकी काही जणांनी ती पाठही केली असेल. मला त्या एका ओळीच्या आजूबाजूचं बोलायचं आहे.

काही जणांच्या मनात येईल, शिक्षण, नोकरी असे विषय सोडून या बाई सिनेमावर का बोलतायत? आपल्या घरांत सिनेमाविषयी दोन मतं सुखानं एकत्र राहतात. सिनेमा बघणं वाईट, आणि ईदला सलमानचा पिक्चर चुकवायचा नाही. आमची दादी पुसेगावच्या यात्रेत तंबूतला सिनेमा पाहून यायची. बायकांची बाजू वेगळी असायची म्हणून चालायचं म्हणे. पण पाहिलेल्या सिनेमाची गोष्ट ती आजोबांसमोर कधी सांगायची नाही. बघणाऱ्या बाईचं हे, तर करणाऱ्या बाईचं काय झालं असेल?

फातमाबाईंकडे जाण्याआधी आपल्या भागाचं थोडं सांगते, कारण ही गोष्ट एका अर्थी इथूनच सुरू होते. मराठी नाटकाचा आरंभ आपण सांगलीत मानतो. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयानं 'सीता स्वयंवर' केलं. त्यातली सीता पुरुष होता. पुढची साठ-सत्तर वर्षं मुख्य प्रवाहात तेच चाललं. स्त्री भूमिकांचा सगळ्यात मोठा नट, बालगंधर्व, हे तर नागठाण्याचे, सांगली जिल्ह्यातलेच. त्यांची साडी नेसण्याची पद्धत घरंदाज बायका उचलायच्या. बाईनं कसं दिसावं हे पुरुष ठरवत होता आणि करूनही दाखवत होता! मी हे बालगंधर्वांना कमी लेखायला सांगत नाही. मोठा कलावंत होता. पण तेव्हाची सोय कोणाची होती, हे लक्षात ठेवा.

मग दादासाहेब फाळके आले. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'साठी त्यांना तारामती मिळेना. हरिश्चंद्र मिळाला, दत्तात्रय दामोदर दाबके, नाटकातले नट. तारामतीचं काम शेवटी अण्णा साळुंके यांनी केलं. ग्रँट रोडच्या एका उपाहारगृहात ते कामाला होते. त्याच वर्षीच्या 'मोहिनी भस्मासुर'मध्ये मात्र दोन बायका आल्या, दोघी फिरत्या नाटक मंडळीतल्या. दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या आणि त्यांची तेरा-चौदा वर्षांची मुलगी कमला मोहिनी झाली. ही कमला म्हणजे पुढच्या कमलाबाई गोखले. त्यांचे चिरंजीव चंद्रकांत गोखले १९२१ साली मिरजेत जन्मले, आणि नातू विक्रम गोखले तुम्हाला माहीतच आहेत. म्हणजे आपल्या सिनेमातल्या पहिल्या बायका नाटकातून आल्या, आणि आई-मुलगी अशा आल्या. फातमाबाईंचंही तसंच झालं. नाटकाच्या आणि सिनेमाच्या जगात बाईला एकटीला शिरणं अवघड होतं. आई सोबत असली की लोकांच्या तोंडाला थोडा तरी आळा बसायचा, आणि दोघींच्या कमाईवर घर चालायचं.

आता उर्दू नाटक. मुंबईतल्या पारशी मंडळींच्या नाटक कंपन्या गुजरातीत आणि उर्दूत नाटकं करायच्या. गावोगाव, थेट रंगून-सिंगापूरपर्यंत फिरायच्या. आगा हश्र काश्मिरींसारखे लेखक त्यांच्यासाठी लिहायचे. संवाद लांबलचक, मध्येच शेर, मध्येच गाणं. माइक नव्हता. शेवटच्या रांगेतल्या चार आणेवाल्याला शब्द कळला नाही तर तो शिट्टी मारायचा. या नाटकानं नटाला काय शिकवलं? आवाज. पाठांतर. शीन-काफ साफ. प्रेक्षकाचा श्वास ओळखून थांबणं.

मूकपटात यातलं काही म्हणजे काही लागत नव्हतं.

फातमाबाईंनी १९२२ साली ही उडी घेतली. वय तीस. पदरात तीन मुली: सुलताना, झुबेदा, शहजादी. तीस वर्षांची, तीन मुलींची आई नवी नटी म्हणून आजही कोणी घेईल का, सांगा. अर्देशीर इराणी यांच्या स्टार फिल्म कंपनीचा 'वीर अभिमन्यू' हा तो चित्रपट, दिग्दर्शक मणिलाल जोशी. थोरली सुलतानाही त्याच चित्रपटातून पडद्यावर आली. झुबेदा बाराव्या वर्षापासून काम करायला लागली. महाभारतातली कथा, पारशी निर्माता, गुजराती दिग्दर्शक, मुसलमान नट्या. तेव्हा यावर कोणी चर्चासत्र भरवलं नाही. लोक तिकीट काढून बघत होते.

कामाचं स्वरूप किती बदललं असेल, विचार करा. नाटक रात्रीचं, चित्रीकरण दिवसाउजेडी, कारण उन्हावरच भिस्त. उघड्यावर, नाहीतर काचेच्या छपराखाली. समोर हजार माणसं असायची, तिथे आता हातानं दांडा फिरवणारा एक कॅमेरावाला. टाळी नाही, शिट्टी नाही. नाटक सुरुवातीपासून शेवटापर्यंत सलग होतं. इथे मरणाचा प्रसंग सकाळी आणि लग्नाचा दुपारी. त्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसतच नव्हता. गालाला लाली लावली तर पडद्यावर काळा डाग उमटायचा, आणि निळं आकाश पांढरं फटक दिसायचं. नाटकातला रंग लावून कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेल्या नटाचं भूत व्हायचं. म्हणजे तोंड रंगवण्यापासून सगळं नव्यानं शिकायचं. नाटकात हात लांब फेकावे लागतात, मागच्यांना दिसावेत म्हणून. कॅमेरा जवळ आला की तोच हात खोटा दिसतो. कित्येक नाटकवाले इथेच अडकले.

पण मूकपटानं एक दार उघडंही केलं. तो माणसाला भाषा विचारत नव्हता. पडद्यावर मधूनमधून मजकुराच्या पाट्या यायच्या, बऱ्याचदा दोन-तीन भाषांत, आणि वाचता न येणाऱ्यांना कोणीतरी मोठ्यानं वाचून दाखवायचं. सुरतेची उर्दू बोलणारी बाई, बगदादी ज्यू घराण्यातली मुलगी, कोल्हापूरचा कुस्तीगीर, अँग्लो-इंडियन टेलिफोन ऑपरेटर, सगळे एकाच चित्रात चालायचे. बोली कळत नव्हती ना!

नाव मात्र कळायचं. इथे मला जरा थांबायचं आहे. रुबी मायर्स पडद्यावर सुलोचना झाली. रेने स्मिथ सीतादेवी झाली. पुढे बोलपटाच्या काळात महजबीन मीनाकुमारी झाली, मुमताज जहाँ मधुबाला झाली, यूसुफ खान दिलीपकुमार झाले. त्यांना मी नावं ठेवत नाही. पोटाचा प्रश्न असतो, बाजार असतो, कधी घरच्यांपासून लपायचं असतं. पण फातमा बेगम शेवटपर्यंत फातमा बेगमच राहिल्या आणि मुलीही सुलताना, झुबेदा, शहजादी याच नावांनी पडद्यावर आल्या. कंपनी काढली तेव्हा पाटीवर तेच नाव: फातमा फिल्म्स. १९२८ साली ती व्हिक्टोरिया-फातमा झाली, तरी फातमा राहिलीच. भाड्यानं खोली शोधताना नाव सांगायचं की टोपणनाव, असा प्रश्न तुमच्यातल्या किती जणांना पडलाय ते मला माहीत आहे. त्यावर उत्तर म्हणून हे सांगत नाही. मुंबईत शंभर वर्षांपूर्वी एका बाईनं दारावर हे नाव लावलं होतं, एवढं माहीत असावं म्हणून सांगते.

जगात तेव्हा काय चाललं होतं, तेही बघा. इस्तंबूलमध्ये १९२० साली अफिफे जाले ही मुसलमान मुलगी नाटकात उभी राहिली तर पोलीस तिला पकडायला आले. तिथे बायकांची कामं आर्मेनियन किंवा ग्रीक नट्या करायच्या. तुर्की चित्रपटात मुसलमान बायका पहिल्यांदा आल्या १९२३ मध्ये, बेदिया मुवाह्हित आणि नेय्यिरे नेयिर. इजिप्तमध्ये अझीझा अमीर या नाटकातल्याच नटीनं 'लैला' हा चित्रपट काढला, तो १९२७ चा. म्हणजे आपल्या फातमाबाई कोणाच्या मागून चालल्या नव्हत्या. कैरो, इस्तंबूल, मुंबई, या तिन्ही शहरांत एकाच दशकात नाटकातल्या मुसलमान बायका कॅमेऱ्यासमोर आल्या, आणि मुंबईतली त्यांच्यात एक पाऊल पुढेच होती.

आता कंपनी काढणं म्हणजे काय? कोरी फिल्म परदेशातून यायची, पैसे रोख. कॅमेरा हवा, तो चालवणारा हवा, धुलाईची प्रयोगशाळा हवी, नट-नट्यांना पगार हवा. चित्रपट चालला नाही तर सगळं अंगावर. हे सांभाळत फातमाबाई कोहिनूर, इंपीरियल अशा दुसऱ्या कंपन्यांत नटी म्हणूनही काम करत राहिल्या. आपल्याकडे शिलाई मशीन घेऊन बसलेली बाई जशी चार घरचं काम धरून आपलं दुकान उभं करते, तसंच.

आणि पहिला चित्रपट निवडला तो पऱ्यांच्या राज्याचा! सोपा विषय घ्यायचा होता, कौटुंबिक, चार भिंतींतला. नाही. 'बुलबुल-ए-परिस्तान' हा खर्चिक, चमत्कारदृश्यांनी भरलेला चित्रपट होता. तेव्हा संगणक नव्हता, सगळी करामत कॅमेऱ्यातच. माणूस नाहीसा करायचा तर कॅमेरा थांबवायचा, माणसानं बाजूला व्हायचं, पुन्हा दांडा फिरवायचा. एकाच पट्टीवर दोन दृश्यं हवीत तर भिंगाचा अर्धा भाग झाकून एकदा घ्यायचं, पट्टी मागे फिरवून उरलेला अर्धा दुसऱ्यांदा. दांड्याचे फेरे मोजायचे. एक फेरा चुकला की परी झाडाच्या खोडातून बाहेर! हे काम समजून करून घेणारी बाई नुसती 'हौशी' असू शकत नाही. नाटकात पाहिलेलं परिस्तान तिनं यंत्राच्या भाषेत आणलं.

पुढच्या तीन वर्षांतली चित्रपटांची नावं ऐका: 'हीर रांझा', 'चंद्रावली', 'शकुंतला', 'नसीब नी देवी'. पंजाबचा किस्सा, कृष्णाची सखी, कालिदासाची नायिका आणि गुजराती नावाची नशिबाची देवी. एकाच बाईच्या कामात.

इतकं काम, आणि इंटरनेटवर फातमा बेगम शोधलं तर दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत काय येतं? सचिनचा नवाब. सुरतेजवळच्या सचिन संस्थानाच्या नवाबाशी तिचे संबंध होते, मुली त्याच्या, असं सांगितलं जातं. निकाहाची किंवा कसल्या कराराची नोंद मिळत नाही. त्यानं मुलींना कायदेशीर मान्यता दिल्याचाही कागद नाही. निकाहनाम्याचा कागद का लागतो, यावर आपण इथे अनेकदा बोललो आहोत. हे एक जुनं उदाहरण धरा. पण माझी तक्रार वेगळी आहे. बाईनं काय केलं हे दोन ओळींत, आणि ती कोणाची होती हे दोन परिच्छेदांत. मुली कमावत्या झाल्या त्या आईच्या धंद्यात, आईच्या हाताखाली. नवाबाचं नाव त्यात कुठेच कामाला आलेलं दिसत नाही.

मराठीतलं असंच दुसरं नाव गोहरबाई कर्नाटकी. उत्तम गायिका, नटी. पण मराठी माणूस गोहरबाई म्हटलं की काय म्हणतो? बालगंधर्वांना बुडवलं ती. कंपनीवर कर्ज कधीपासून होतं, मखमल आणि अत्तर कोणाच्या हुकमानं यायचं, हे हिशेब बाजूला राहतात. ती मुसलमान होती, बाई होती आणि दुसरी होती, एवढं पुरतं. यावर स्वतंत्र व्याख्यान व्हायला हवं, आज फक्त खूण करून ठेवते.

१९२७-२८ मध्ये इंग्रज सरकारनं रंगाचारियार यांच्या अध्यक्षतेखाली सिनेमाची चौकशी समिती नेमली. तिच्यापुढे एक प्रश्न फिरून फिरून यायचा: घरंदाज बायका सिनेमात का येत नाहीत? म्हणजे ज्या आल्या होत्या, कंपन्या चालवत होत्या, त्या मोजल्याच गेल्या नाहीत. घरंदाज म्हणजे कोण हे ज्यांनी ठरवलं, त्यांच्या घरातल्या बायका तर तेव्हा तंबूच्या कनातीआडून सिनेमा बघत होत्या.

मग आवाज आला. १४ मार्च १९३१, गिरगावचं मॅजेस्टिक, 'आलम आरा'. निर्माते-दिग्दर्शक पुन्हा अर्देशीर इराणी, कथा पारशी रंगभूमीवरच्याच नाटकाची. नायिका झुबेदा, फातमाबाईंची मुलगी. नायक मास्टर विठ्ठल, आपला मराठी गडी. तोही नाटकातूनच आलेला. राजापूरकर मंडळीत लहानपणी काम केलेला, मग कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीत, आणि पुढे मारामारीच्या मूकपटांचा राजा. त्याला 'आलम आरा'साठी घेतलं तेव्हा त्याच्या आधीच्या स्टुडिओनं करारभंगाचा दावा लावला. विठ्ठलच्या बाजूनं कोर्टात उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना, आणि जिंकले. पण कोर्टात जिंकलेला विठ्ठल माइकपुढे अडला. उर्दू जिभेवर बसेना. म्हणून त्याची भूमिका अशी रचली की बराच वेळ तो बेशुद्धीत, भारलेल्या अवस्थेत. पहिल्या बोलपटाचा नायक जवळजवळ मुका! पुढे तो मराठी चित्रपटांत परतला आणि १९६९ ला वारला, तोवर लहानमोठी कामं करत राहिला.

झुबेदाची मात्र अडचण झाली नाही. घरात उर्दू होती, आणि आई नाटकातली. मूकपटाच्या नऊ वर्षांत फातमाबाईंना ज्या जिभेचा काहीच उपयोग झाला नाही, ती मुलीच्या कामाला आली. फातमाबाईंचं स्वतःचं दिग्दर्शन मात्र १९२९ नंतर थांबलं. बोलपटाला भांडवल कितीतरी जास्त लागायचं. ध्वनियंत्र, बंद स्टुडिओ, वादक. त्यात बऱ्याच छोट्या कंपन्या बुडाल्या. नटी म्हणून त्या १९३८ च्या सुमारास 'दुनिया क्या है'पर्यंत दिसतात. पुढे जद्दनबाईंनी, म्हणजे नर्गिसच्या आईनं, बोलपटात स्वतःची कंपनी काढली. तोवर वाट एकदा मळलेली होती.

आता तुम्ही विचाराल, हा 'बुलबुल-ए-परिस्तान' यूट्यूबवर आहे का? नाही. कुठेच नाही. भारतात तेराशेच्या आसपास मूकपट निघाले, त्यातले तीससुद्धा धड उरलेले नाहीत. नायट्रेटची फिल्म पेटायची, सडायची, आणि तिच्यात चांदी असायची. रिळं धुऊन चांदी काढून विकणं हा धंदाच होता. 'आलम आरा'चंही तेच. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर हयातभर रिळं शोधत फिरले. त्यांनीच सांगितलेली हकिकत आहे: म्हातारे इराणी म्हणाले, रिळं असतील इथेच कुठेतरी, आणि मुलानं नंतर बाजूला घेऊन सांगितलं, ती मी कधीच चांदीसाठी विकली.

इथे वडूजमध्ये ९ सप्टेंबर १९४२ च्या मोर्चातल्या हुतात्म्यांची नावं आपण दरवर्षी घेतो. ती टिकली कारण गावानं ती लिहून ठेवली, दगडावर कोरली, पोरांना शाळेत सांगितली. सिनेमाच्या गावात असं कोणी केलं नाही. एकदाच थोडंफार झालं, ते कमलाबाईंच्या बाबतीत. रीना मोहन यांनी १९९२ मध्ये त्यांच्यावर माहितीपट केला. नव्वदीच्या कमलाबाई त्यात स्वतः बोलतात, चिडतात, हसतात. तो मिळाला तर जरूर पाहा, मोहिनी झालेली ती तेरा वर्षांची पोर म्हातारपणी कशी दिसते ते.

पुण्याचं संग्रहालय १९६४ साली सुरू झालं. फातमा बेगम वारल्या १९८३ मध्ये, एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन. मध्ये एकोणीस वर्षं होती, आणि पुणे-मुंबई रेल्वेनं चार तासांचं अंतर.

माझं बोलणं संपलं. आता प्रश्न घेऊ. सुरुवात मागच्या रांगेतल्या मुलींपासून करू, त्या मघापासून आपसात काहीतरी कुजबुजतायत.